सेंद्रिय पेरॉक्साइडांची कोठी

स्फोटक पदार्थांना रसायनशास्त्राच्या इतिहासात जे मानाचे पान मिळाले ते बहुधा युद्धाच्या कृपेने मिळाले. नायट्रोग्लिसरीन, गनकॉटन, टीएनटी यांच्या जन्मकथा सर्वश्रुत आहेत, कारण त्यांच्या पाठीशी तोफखाने होते, सरकारी दारूखाने होते आणि त्यांची नोंद ठेवणारी दप्तरे होती. सेंद्रिय पेरॉक्साइडे गुणाने त्याच कुळातली असूनही त्यांच्या वाट्याला ही कीर्ती आली नाही. ती वाढली पिठाच्या गिरणीत, राळेच्या आणि प्लास्टिकच्या कारखान्यात, प्रयोगशाळेच्या फडताळात आणि औषधाच्या दुकानात. आणि त्यांनी ज्यांचे प्राण घेतले ते सैनिक नसून कामगार होते, साहाय्यक होते, आग विझवावयास धावून गेलेले बंबवाले होते. हे पदार्थ तयार कसे करावेत हे मनुष्य एका पिढीत शिकला. ते ठेवावेत कसे, हे शिकण्यास त्याला शंभर वर्षे पुरली नाहीत, आणि त्यांच्या इतिहासातील खरी विचारार्ह गोष्ट मला हीच वाटते.

या कथेचा आरंभ १८१८ साली पॅरिसमध्ये झाला असे मानावयास हरकत नाही. त्या वर्षी लुई झाक तेनार या फ्रेंच रसायनज्ञाने बेरियम पेरॉक्साइडावर आम्लाची क्रिया करून, पाण्यासारखे दिसणारे परंतु पाण्याहून एक ऑक्सिजन अणू अधिक बाळगणारे हायड्रोजन पेरॉक्साइड जगापुढे मांडले. पण ते निरिंद्रिय सृष्टीतले होते. सेंद्रिय पदार्थाच्या अंगी हाच गुण आणून दाखविला तो बेंजामिन कॉलिन्स ब्रॉडी या इंग्रज पंडिताने, १८५८ साली. ब्रॉडी हा लंडनच्या त्याच नावाच्या विख्यात शल्यविशारदाचा पुत्र. गीसेन येथे लीबिख या रसायनज्ञाच्या हाताखाली शिकून आलेला आणि १८५५ पासून ऑक्सफर्डच्या विद्यापीठात रसायनशास्त्राचे अध्यापकपद भूषविणारा. त्याने बेंझॉइल पेरॉक्साइडाचे स्फटिक सिद्ध केले, अ‍ॅसिटिल पेरॉक्साइडही केले, आणि उष्णता लागताच हे पदार्थ स्फोट पावतात हे आपल्या निबंधात नमूद करून ठेवले. विधिघटनेतील गंमत अशी, की हाच ब्रॉडी पुढे अणूंच्या अस्तित्वाविषयी साशंक राहिला आणि १८६६ साली त्याने अणूंची कल्पना न घेताच रसायनशास्त्र उभारण्याची एक गणिती पद्धती मांडली. म्हणजे दोन अणूंमधला एक फार दुबळा दुवा ज्याच्या हाती लागला, त्याचाच अणूंवर विश्वास नव्हता.

दुवा दुबळा म्हणजे काय, हे येथे सांगितलेच पाहिजे, कारण पुढील साऱ्या अनर्थांचे मूळ त्यात आहे. कार्बनचे दोन अणू एकमेकांस ज्या बंधाने धरून असतात तो तोडावयास मोलमागे सुमारे ३५० किलोजूल ऊर्जा खर्ची पडते. पेरॉक्साइडात ऑक्सिजनचे दोन अणू शेजारी शेजारी जोडलेले असतात आणि त्यांच्यातील बंधाला त्याच्या निम्म्याच्या आसपासच ऊर्जा पुरते. साध्या उन्हाळ्याच्या उष्म्यानेही असे काही बंध तुटू लागतात, तुटलेल्या अर्धुकांना मुक्त मूलक म्हणतात, आणि ती मूलके भोवतालच्या रेणूंवर तुटून पडतात; या घडामोडीत उष्णता बाहेर पडते, त्या उष्णतेने आणखी बंध तुटतात आणि त्यांतून आणखी उष्णता निघते. पदार्थ थोडा असेल तर ही उष्णता बाजूंनी निघून जाते व काही बिघडत नाही; परंतु ओल्या कडब्याची गंजी जशी बाहेरून थंड दिसत असता आतून धुमसत जाते, तसाच पेरॉक्साइडाचा मोठा साठा आपल्याच पोटात तापत राहतो. निकोलाय सेमेनोव या रशियन शास्त्रज्ञाने १९२८ साली या क्रियेचे गणित मांडले: उष्णता निर्माण होण्याचा वेग तापमानाबरोबर अतोनात वाढत जातो, ती बाहेर जाण्याचा वेग मात्र सरळ प्रमाणातच वाढतो, आणि या दोहोंमधील समतोल ज्या बिंदूवर ढळतो त्याच्या पलीकडे कोणाचाही इलाज चालत नाही. म्हणजे एखादे पेरॉक्साइड निर्धोक आहे की नाही, हा प्रश्न त्या पदार्थाला एकट्याला विचारून भागत नाही. तो किती आहे, कशात आहे आणि किती दिवस ठेवला आहे, हे तीन प्रश्न त्याच्याबरोबरच विचारावे लागतात. ब्रॉडीच्या चिमूटभर स्फटिकांपाशी यांतला एकही प्रश्न उद्भवत नव्हता.

पेरॉक्साइडे मनुष्याने हेतुपुरस्सर केली तेवढीच असतात असेही नव्हे. बाख आणि एंग्लर या दोघा रसायनज्ञांनी १८९७ साली, परस्परांपासून स्वतंत्रपणे, असे प्रतिपादन केले की हवेतील ऑक्सिजन अनेक सेंद्रिय द्रव्यांशी हळूहळू संयोग पावताना प्रथम पेरॉक्साइडच जन्मास येते. जवसाच्या तेलाचा रंग सुकतो तो याच मार्गाने, आणि तेलाने भिजलेली चिंधी कोपऱ्यात चुरगळून पडली असता रात्रीतून पेट घेते तीही याच मार्गाने. इथरसारख्या विद्रावकाच्या बाबतीत मात्र हा क्रम अधिक कपटी आहे. अर्धी वापरलेली बाटली बूच लावून फडताळात ठेवावी, तिच्यात हवा शिरलेली असावी, उजेड पडत असावा, आणि ज्याने ती ठेवली तो मनुष्य बदली होऊन दुसरीकडे गेलेला असावा. एवढी सामग्री जुळली की महिनोगणती त्या बाटलीत पेरॉक्साइड साचत राहते. बाटली पूर्वीसारखीच दिसते. इथर हलके म्हणून उडून जाते, पेरॉक्साइड जड म्हणून मागे राहते, आणि कोणी भाबडेपणाने ते इथर ऊर्ध्वपातनास लावून भांडे कोरडे होईपर्यंत तापविले म्हणजे शेवटच्या थेंबांत सारा संचय एकवटतो. आयसोप्रोपिल इथर या बाबतीत सर्वात कुप्रसिद्ध. त्याच्या बाटलीच्या बुचाभोवती वा तळाशी स्फटिक जमलेले दिसले तर तिचे बूच पिळण्याचाही मोह धरू नये, ती हलवू नये, आणि सरळ जाणकारांस वर्दी द्यावी, हा शिरस्ता रसायनशाळांमधून जीव गमावल्यावर पडला आहे. शस्त्रक्रियेसाठी लागणारे इथर गडद रंगाच्या बाटल्यांतून आणि तांब्याच्या सान्निध्यात ठेवीत, त्यामागेही हेच कारण होते. बाटलीवर आणल्याची आणि उघडल्याची तारीख लिहावी, मुदत संपली की तपासून पाहावी अथवा टाकून द्यावी, हा नियम उच्चारावयास इतका साधा आहे की त्याचे पालन न होण्याचे आश्चर्य वाटू नये.

पेरॉक्साइडाला प्रयोगशाळेतून बाजारात आणले ते मात्र पिठाने. नवा दळलेला गव्हाचा मैदा पिवळसर असतो, आणि काही आठवडे साठविल्यावर हवेच्या क्रियेने त्याला शुभ्रता येते. परंतु साठवणीत भांडवल अडकते, आणि व्यापाऱ्याला शुभ्रता उद्या नको, आज हवी असते. विसाव्या शतकाच्या आरंभी नायट्रोजनाच्या ऑक्साइडांनी व क्लोरिनने पीठ पांढरे करण्याच्या युक्त्या निघाल्या. त्यानंतर हॉलंडमधील देव्हेंटर येथील नूरी आणि व्हान देर लांदे या गिरणीवाल्यांनी ब्रॉडीचे बेंझॉइल पेरॉक्साइड या कामी आणले. ते पिठातील पिवळे रंगद्रव्य नाहीसे करी आणि स्वतः बेंझॉइक आम्लात परिणत होई, म्हणून ते व्यापाऱ्यांना फार सोयीचे वाटले. गिरणीकडे ते शुद्ध रूपात जात नसे. इतर निरुपद्रवी भुकटीत मिसळून त्याचा दाहकपणा काढून टाकलेला असे. या एका तजविजीने एका स्फोटक रसायनाचे रूपांतर वाणसामानात झाले. अमेरिकेत ज्या कंपनीने हा व्यवसाय चालविला ती आपल्या नावात 'नोव्हाडेल' आणि 'एजीन' अशी दोन्ही द्रव्ये मिरवीत असे. यांतील एजीन म्हणजे नायट्रोजन ट्रायक्लोराइड. ते १८११ साली शोधून काढताना द्यूलाँग या रसायनज्ञाला एक डोळा व दोन बोटे गमवावी लागली होती. ज्या पदार्थाने शोधकाचा डोळा घेतला तोच पुढे पावाच्या पिठात घातला जावा, आणि तो थांबविण्याचे कारण स्फोट नसून १९४६ साली मेलनबी या शास्त्रज्ञाने कुत्र्यांवर केलेले प्रयोग ठरावे, हे उद्योगाच्या इतिहासातले विलक्षण प्रकरण आहे. एजीन हद्दपार झाले. बेंझॉइल पेरॉक्साइड टिकून राहिले. चीनने ते पिठातून १ मे २०११ पासून बंद केले, युरोपातही ते चालत नाही, आपल्याकडील नियमांत बेकरीच्या मैद्यासाठी दशलक्ष भागांत ४० भागांची मर्यादा घालून त्याला वाव ठेवला गेला. तारुण्यपीटिकांवरील मलमात तर ते आज गल्लीतल्या औषधविक्रेत्याकडेही मिळते, आणि त्या मलमापासून कोणी घाबरून जाण्याचे कारण नाही. पाण्याने वा भुकटीने पातळ केलेले पेरॉक्साइड आणि कोरडे पेरॉक्साइड यांचे नाव एक असले तरी स्वभाव एक नसतो. कोरड्या बेंझॉइल पेरॉक्साइडाला नुसते घर्षण, डब्याच्या झाकणाच्या आट्यांत अडकलेले चार कण, एवढे निमित्तही पुरते. म्हणून ते ओले करून पाठवितात, आणि जो कोणी ते ओलेपण 'वाया गेलेले वजन' समजून सुकवावयास ठेवतो तो आपल्या हाताने दारूगोळा तयार करीत असतो.

पिठानंतर प्लास्टिकाचे युग आले आणि या रसायनांची मागणी शेकडो पटींनी वाढली. ज्या दुबळ्या बंधामुळे पेरॉक्साइड धोक्याचे, त्याच बंधामुळे ते उपयोगाचे. कारण त्यातून निघणारी मुक्त मूलके लहान रेणूंची साखळी गुंफण्याचे काम सुरू करून देतात. इंग्लंडमधील विनिंग्टन येथे गिब्सन आणि फॉसेट या रसायनज्ञांना २७ मार्च १९३३ रोजी प्रयोगाच्या भांड्यात जो मेणासारखा पांढरा पदार्थ सापडला, तो पॉलिथिलीन; आणि तो प्रयोग पुन्हा पुन्हा फसत राहिला याचे कारण पुढे असे कळले की यशाच्या वेळी भांड्यात कोठून तरी किंचित ऑक्सिजन शिरलेला असे. तोच आरंभक होता. पुढे ही अनिश्चितता टाळण्यासाठी मोजून मापून पेरॉक्साइड वापरण्याची रीत पडली. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास पॉलिएस्टर राळ आणि काचतंतू यांची जोडी जमली, आणि तिच्याबरोबर मिथिल इथिल कीटोन पेरॉक्साइड हे लांबलचक नावाचे तेलकट द्रव कारखान्याकारखान्यांत गेले. आपल्याकडे फायबरच्या मूर्ती, फायबरच्या होड्या, पाण्याच्या टाक्या आणि छपराचे पत्रे करणारे जे असंख्य कारागीर आहेत ते त्याला 'हार्डनर' म्हणतात. त्याच्या बरोबरीने 'कोबाल्ट' म्हणून जांभळट द्रावाची दुसरी बाटली असते. दोन्ही राळेतच, एकामागून एक, घालावयाच्या असतात. त्या एकमेकींत सरळ ओतल्या तर हिंसक प्रतिक्रिया होते, ही ताकीद या धंद्यात नव्याने येणाऱ्या पोराला पहिल्या दिवशी मिळावयास हवी. हार्डनरचा थेंब डोळ्यात उडाला तर दृष्टी कायमची जाऊ शकते. असे असताना चष्म्याविना, पाण्याच्या रिकाम्या बाटलीत काढून घेतलेले हार्डनर अंदाजाने ओतणारे हात दिसावेत, यात त्या हातांचा दोष फार थोडा आहे.

आता १४ जुलै १९६४ च्या रात्रीकडे वळतो, कारण या इतिहासातले मला सर्वात व्यथित करणारे प्रकरण तेथे आहे. टोकियो शहर त्या वर्षीच्या ऑक्टोबरातील ऑलिंपिक सामन्यांच्या तयारीत दंग होते. शिनागावा भागातील कात्सुशिमा येथे समुद्रालगत गोदामे होती, आणि त्यांपैकी एका आवारात नायट्रोसेल्युलोजचे पिंप उघड्यावर, भर उन्हाळ्यात रचून ठेवलेले होते. नायट्रोसेल्युलोज ओले असेपर्यंत शांत असते. उन्हाने त्यातील ओल उडून गेली आणि रात्री दहाच्या सुमारास त्याने आपण होऊन पेट घेतला. बंब आले, शिड्या लागल्या, पाण्याचा मारा सुरू झाला. आग आटोक्यात येण्याच्या बेतात असता, सुमारे तासाभराने, शेजारच्या गोदामात विनापरवाना ठेवलेल्या मिथिल इथिल कीटोन पेरॉक्साइडाचा महाभयंकर स्फोट झाला आणि एकोणीस बंबवाले जागच्या जागी मृत्यू पावले. ज्याला आपल्यापुढे काय आहे हे ठाऊक आहे तो माणूस दूर उभा राहतो, माघार घेतो, निदान आडोसा धरतो. या एकोणीस जणांना ते ठाऊकच नव्हते, कारण जे साठविले आहे त्याची वर्दी सरकारदरबारी कोणी दिलीच नव्हती. परवाना ही कटकट समजून चुकविणाऱ्या माणसाने त्या रात्री काय वाचविले असेल? फी थोडी, वेळ थोडा.

अशा प्रसंगांतून राज्यकर्त्यांना हळूहळू समज येत गेली. धोकादायक मालाच्या वाहतुकीविषयी संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञसमितीच्या शिफारशी १९५६ साली प्रथम प्रसिद्ध झाल्या. नारिंगी वेष्टनामुळे 'नारिंगी पुस्तक' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या ग्रंथाच्या पुढील आवृत्त्यांतून सेंद्रिय पेरॉक्साइडांना ५.२ क्रमांकाचा स्वतंत्र विभाग मिळाला आणि त्यांची ए पासून जी पर्यंत सात प्रकारांत वाटणी झाली. ए प्रकारातला माल प्रवासाला निघूच शकत नाही. जी प्रकारातला जवळजवळ सामान्य मालासारखा. या व्यवस्थेचा कणा म्हणजे स्वयंवेगित विघटनाचे तापमान: ज्या वेष्टनात माल भरला आहे त्याच वेष्टनात ज्या किमान तापमानाला तो सात दिवसांच्या आत आपण होऊन विघटित होऊ लागेल, ते तापमान. हे तापमान २० अंशांपर्यंत असेल तर माल त्याहून २० अंश थंड ठेवावयाचा, २० ते ३५ च्या दरम्यान असेल तर १५ अंशांनी थंड, त्याहून वर असेल तर १० अंशांनी. सेमेनोवचे गणित येथे अंमलदाराच्या भाषेत उतरले आहे, आणि नियम करणारांनी 'पदार्थ' न म्हणता 'वेष्टनातला पदार्थ' म्हटले, यात त्यांचे शहाणपण दिसते; पिंपाचा आकार वाढला की हे तापमान खाली येते.

परंतु थंडावा हा विजेवर अवलंबून, आणि वीज निसर्गाच्या मर्जीवर. ऑगस्ट २०१७ च्या अखेरीस हार्वे चक्रीवादळाने टेक्सासवर अभूतपूर्व पाऊस पाडला तेव्हा क्रॉस्बी येथील आर्केमा कंपनीचा सेंद्रिय पेरॉक्साइडांचा कारखाना पाण्यात गेला. प्रथम वीज गेली, मग पर्यायी जनित्रे बुडाली, मग द्रव नायट्रोजनाने थंड करण्याची व्यवस्थाही निकामी झाली. कारखान्यात थांबलेल्या मोजक्या माणसांनी पाण्यातून वाट काढीत शीतगृहांतला माल शीतकयंत्रे बसविलेल्या नऊ ट्रेलरांत हलविला. पण पाणी चढत गेले, काही ट्रेलरांची यंत्रेही बंद पडली, आणि अखेर त्या माणसांना नावेतून बाहेर काढावे लागले. दीड मैलाच्या परिघातील २०५ रहिवाशांना घरे सोडावी लागली. ३१ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर पहिला ट्रेलर पेटला, दुसऱ्या दिवशी आणखी दोन पेटले, आणि उरलेले सहा ३ सप्टेंबर रोजी अधिकाऱ्यांनी मुद्दाम पेटवून दिले. साडेतीन लक्ष पौंडांहून अधिक पेरॉक्साइड जळून गेले. धुराने बाधलेल्या एकवीस जणांना वैद्यकीय मदत घ्यावी लागली. कोणी मेले नाही, आणि याचे श्रेय त्या सहा ट्रेलरांविषयीच्या निर्णयाकडेही जाते असे माझे मत आहे: जे वाचविता येत नाही ते कधी व कोणाच्या देखत नष्ट व्हावे, एवढे तरी त्यांनी आपल्या हाती ठेवले. मात्र चौकशीत निष्पन्न झालेली एक गोष्ट जिव्हारी लागते. कारखाना पूरक्षेत्रात आहे हे आदल्या वर्षी विमा कंपनीच्या अहवालात लिहिले गेले होते, आणि जे लोक प्रत्यक्ष माल हलवीत होते त्यांना ते माहीत नव्हते. ब्रॉडीचे निरीक्षण ऑक्सफर्डच्या निबंधात राहिले, हा इशारा विम्याच्या दप्तरात राहिला.

महाराष्ट्राचा या रसायनांशी संबंध दूरचा नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावर हर्डिलिया कंपनीने फिनॉल आणि अ‍ॅसिटोन तयार केले ते क्यूमिन हायड्रोपेरॉक्साइडाच्या वाटेने. १९४४ साली जर्मनीत हॉक आणि लांग यांनी प्रकाशित केलेली ती प्रक्रिया आज जगातील बहुतेक फिनॉलची जननी आहे. देव्हेंटरच्या त्या गिरणीवाल्यांचा वारसा सांगणाऱ्या नूर्यॉन कंपनीचा पेरॉक्साइडांचा कारखाना महाडला आहे. स्फोटकांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय खात्याचे मुख्य ठाणे नागपुरास आहे. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला आणि त्याखाली १९८९ साली घातक रसायनांचे उत्पादन, साठवण व आयात यांविषयी जे नियम निघाले, त्यांच्या परिशिष्टांत काही सेंद्रिय पेरॉक्साइडांची नावे साठ्याच्या मर्यादांसह दिलेली आहेत. मर्यादेपेक्षा अधिक साठा असेल तर कारखानदाराने सुरक्षा अहवाल द्यावयाचा, आपत्तीची योजना करावयाची, आणि शेजाऱ्यांना माहिती द्यावयाची.

२३ मे २०२४ रोजी दुपारी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत ज्या कारखान्यात स्फोट झाला, तेथे पेरॉक्साइडवर्गीय अतिसंवेदनशील रसायने हाताळली जात असल्याचे अधिकाऱ्यांनी सांगितले. दहाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, कित्येक जायबंदी झाले, आणि दूरवरच्या इमारतींच्या काचा फुटून रस्त्यावर आल्या. वसाहत आधी झाली की वस्ती आधी आली, हा वाद त्या गावात जुना आहे आणि तो मिटण्याची चिन्हे नाहीत; पण वस्तीतल्या कोणत्या घराला शेजारच्या भिंतीपलीकडे काय साठविले आहे याची नोंद वाचावयास मिळते, हा प्रश्न त्या वादाहून निराळा आहे. १९८९ च्या नियमांतील मर्यादा टनांत मोजल्या जातात. मिथिल इथिल कीटोन पेरॉक्साइडाच्या तीव्र द्रावणाचा साठा त्या मर्यादेखाली राहिला की कारखान्याला त्या अहवालाचे बंधन उरत नाही, आणि गल्लीतल्या फायबरच्या कारखान्यात खिडकीच्या तावदानाशी उन्हात उभे असलेले पाच लिटरचे पिंप तर कोणत्याच दप्तरात नसते.